‘नको’ची सुधारित आवृत्ती

बोलू न शकणाऱ्या मुलांना बोलतं करायचं, असं वरिष्ठ कार्यालयात एकमतानं ठरलं आणि विशेष शाळेत टॅबलेट आले. त्यांत एक अ‍ॅप होतं. चित्रावर बोट ठेवलं की टॅबलेट बोलायचा: ‘पाणी’, ‘भूक’, ‘खेळायचंय’. कोपऱ्यात एक लाल चित्र होतं, ‘नको’चं. त्याच्याकडे कार्यालयात कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

चिमीचं गेलं. चिमी आठ वर्षांची. समज पक्की, फक्त तोंडातून शब्द फुटत नसे. बाईंनी चिकाटीनं शिकवलं आणि टॅबलेट तिच्याबरोबर घरी पाठवला. रात्री आईनं नेहमीप्रमाणे भोपळ्याच्या भाजीचा घास पुढे केला. टॅबलेट म्हणाला, “नको.”

“अगं बाई! तुला भोपळा आवडत नाही? मी मेली आवडतो म्हणून रोज करतेय!” आई हसता हसता रडायला लागली. लेकीशी तिचं हे पहिलंच भांडण, आणि ते तिला फार गोड लागलं.

मग वरिष्ठ कार्यालयातले साहेब शाळेत पाहणीला आले. त्यांनी चिमीचा गालगुच्चा घेतला.

“नको.”

“फोटो काढू या हं, बाळ.”

“नको.”

साहेब भाषणाला उभे राहिले. “आज मला दोन शब्द...” एवढं ते म्हणतात तोच वर्गातले सगळे टॅबलेट एका सुरात म्हणाले, “नको!” एरवी या मुलांना एकत्र काही करता येत नाही, अशी अहवालात नोंद होती.

साहेबांनी तंत्रज्ञाला बोलावलं. “मशीन बिघडलंय.”

“मशीन ठणठणीत आहे, साहेब. मुलं दाबताहेत.”

“म्हणजे मुलं बिघडलीत!”

तातडीनं समिती बसली. ‘नको’ हा शब्द नकारात्मक असून त्यामुळे प्रगतीच्या आलेखास बाधा पोहोचते, असा निष्कर्ष निघाला. अ‍ॅपची सुधारित आवृत्ती आली. लाल चित्र जागच्या जागी राहिलं, दाबलं की आवाज मात्र येई, “धन्यवाद.”

चिमीला पुन्हा गालगुच्चे सुरू झाले. “धन्यवाद.” शेजारच्या काकू येता-जाता तिचे केस विस्कटायच्या. “धन्यवाद.” दातांच्या डॉक्टरांनी चिमटा उचलला तेव्हा तर ती एकसारखी आभार मानत होती. डॉक्टर गहिवरले. विद्यार्थ्यांचं समाधान पूर्णत्वास पोहोचल्याबद्दल शाळेला ढाल मिळाली. चिमीनं मात्र दाबणं सोडलं. टॅबलेट दिला की पालथा घालायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

आई बाईंना घेऊन कार्यालयात गेली. “साहेब, बाकीची चित्रं काढून घ्या हवी तर. पोरीचं ‘नको’ तेवढं परत द्या. इतक्या वर्षांनी ती माझ्याशी बोलली होती हो!”

साहेब विरघळले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“ताई, तुमचं पटतंय मला. समितीतसुद्धा सगळ्यांना पटत होतं.”

“मग कुणीच कसं नको म्हणालं नाही?” बाईंनी विचारलं.

“वरून विचारणा आली होती, ‘सुधारणा मान्य?’ म्हणून. खाली दोनच पर्याय. ‘मान्य’ आणि ‘सहर्ष मान्य’.”

“तुम्ही काय लिहिलंत?”

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बढतीचं वर्ष होतं.”

चिमी एकटीच अशी निघाली, जिनं खोटं ‘धन्यवाद’ म्हणायला साफ नकार दिला. तिच्यावर आता खास उपचार चालू आहेत. आपल्याला त्यांची गरज पडली नाही. परवा आपापल्या साहेबांचा विनोद ऐकून आपण किती छान हसलो!