वहीचं अक्षर लागलं

कितीही किचकट असलं तरी डॉक्टरचं अक्षर आपल्याला लागतं, अशी औषधांच्या दुकानवाल्या काकांची ख्याती होती. ही ख्याती मुख्यतः काकांनीच पसरवली होती.

खरं सांगायचं तर काका चिठ्ठी वाचतच नसत, माणूस वाचत. चिठ्ठी नाकाजवळ धरायची, "हं" म्हणायचं आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, "कुठं दुखतंय?" समोरचा म्हणायचा, "पोटात." की काका म्हणणार, "बरोबर. तेच लिहिलंय." मग चिठ्ठीतलं पहिलं अक्षर आणि गिऱ्हाइकाचं पोट यांची गाठ घातली की औषध सापडे. नाहीच सापडलं तर डॉक्टरांना फोन करून विचारायचं, पण तो फोन आतल्या खोलीत जाऊन, दार लावून. चौतीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मग चुलतभाऊ वही घेऊन आला.

चुलतभावाचा छापखाना होता. घर बदलताना त्याला जुन्या ट्रंकेत आजोबांची वही सापडली होती. आजोबांनी घराण्याची हकिकत लिहून ठेवली आहे, असं सगळे लहानपणापासून ऐकत आले होते. पाहिली मात्र कुणीच नव्हती.

"दादा, पहिल्या दोन ओळी लागतात," तो म्हणाला. "'आमच्या घराण्याची हकिकत सांगतो ती खरी आहे.' पुढची चाळीस पानं नुसतं गुंतवळ. छापखान्यात माझी हयात गेली, पण एक अक्षर लागेल तर शपथ."

"आण इकडं," काका म्हणाले.

खिडकीपाशी आत्या विणत बसली होती. आजोबांची ही धाकटी मुलगी, वय वर्षं पंच्याऐंशी, काकांकडेच राहायची. तिने मान वर केली. "तुला लागतंय ते?"

"आत्या, माझा धंदाच आहे तो."

"मग काय, झालंच," आत्या म्हणाली, आणि तिच्या सुईवरचे चार टाके सुटले.

चुलतभावाने तिथल्या तिथे बेत ठरवला. येत्या महिन्यात आत्याला शहाऐंशी पुरी होत होती. त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना बोलवायचं आणि घराण्याच्या इतिहासाची पुस्तिका वाटायची. काकांनी वाचून सांगायचं, त्याने छापायचं. दोनशे प्रती.

काका आठ दिवस भिंग घेऊन वहीसमोर बसले. वेटोळी, आकडे, मध्येच एखादी लांबलचक रेघ. पहिल्या पानावर जे कळलं नाही तेच चाळिसाव्या पानावरही कळलं नाही.

"नाही लागत म्हणून सांगून टाका ना," बायको म्हणाली. "कुणी फासावर देणार आहे का?"

"अगं, मला आजोबांचं अक्षर लागत नाही हे गावभर झालं, तर उद्या चिठ्ठी घेऊन दुकानात कोण येईल?"

"मग बसा," बायको म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

नवव्या दिवशी चुलतभाऊ पहिल्या पानाचा मजकूर न्यायला आला. काकांनी वही नाकाजवळ धरली, "हं" म्हटलं, आणि जिभेला चौतीस वर्षांची सवय असल्यामुळे ती आपोआप चालली. "तुझ्या मते पणजोबा काय करत असतील?"

"मला नेहमी वाटतं, काहीतरी लिहिण्याछापण्याचंच करत असणार. नाहीतर हे वेड माझ्यात कुठून आलं?"

"बरोबर," काका म्हणाले. "तेच लिहिलंय."

चुलतभावाचे डोळे भरून आले. आता मागे फिरायची सोय उरली नव्हती.

बातमी नातेवाइकांत पसरली आणि दुकानात लागते तशी रांग घरात लागली. न्हाणीघरात गाणाऱ्या चुलतबहिणीला गाणारी खापरपणजी मिळाली. तीनदा नापास झालेल्या पुतण्याला उशिरा नाव काढलेला पूर्वज मिळाला. ज्याचं जिथं दुखत होतं त्याला तसा पूर्वज काका पुडीत बांधून देत होते, आणि प्रत्येक जण बरं वाटून घरी जात होता. मधूनमधून आत्या विचारायची, "खरंच लागतंय का रे?" काकांना या अविश्वासाचा रागच यायचा.

"पणजोबा सोमवारी पुरात वाहून गेले होते ना?" बायकोने एकदा विचारलं. "मग काल ते नव्वदाव्या वर्षी झोपेत कसे गेले?"

"पुरातून वाचले असतील."

"'पुन्हा दिसले नाहीत' असं छापून झालंय."

"मग ते त्यांचे भाऊ."

"वाटलंच मला," बायको म्हणाली.

वाढदिवसाला मोठा हॉल घेतला होता. पुस्तिका वाटून झाल्या आणि चुलतभावाच्या अंगात उत्साह संचारला. त्याने माइक काकांच्या हातात कोंबला. "आता दादा मूळ वहीतून वाचून दाखवेल. आत्या, तू कुठलंही पान उघडून दे."

आत्याने मधलंच एक पान उघडलं. काकांनी घसा साफ केला आणि वाचलं. भर पावसात कोकरू खांद्यावर घेऊन पणजी चार गावं ओलांडून माहेरी कशी पोहोचली, ते दोन मिनिटं असं वाचलं की मागच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. काका स्वतःवरच खूश झाले. माणसाने इतकं खूश होऊ नये.

"काका," पुतणी म्हणाली, "माझं रेकॉर्डिंग सुरूच झालं नव्हतं. तेच पान पुन्हा एकदा वाचा ना."

काकांनी पुन्हा वाचलं. या खेपेला कोकराची शेळी झाली, ती खांद्यावरून डोक्यावर गेली, आणि वर कडक ऊन पडलं.

"दादा," चुलतभाऊ हळूच म्हणाला, "मघाशी पाऊस होता."

काकांनी माइक तोंडापासून लांब धरला. समोर बसलेल्यांत निम्मी तरी आपली गिऱ्हाइकं आहेत, हे त्यांना तेव्हाच दिसायचं होतं. बायको छताचे पंखे मोजत होती. तेवढ्यात आत्या उठली, तिने वही घेतली आणि अगदी काकांसारखीच नाकाजवळ धरली.

"बरोबर वाचतोय तो," ती म्हणाली. "दोन्ही लिहिलंय. वडील एकच गोष्ट दोनदा सांगायचे, आणि दर वेळी निराळी."

म्हातारी मंडळी हसली, माना डोलावल्या, आणि काकांचा जीव भांड्यात पडला.

दुपारी पाहुणे पांगल्यावर काका आत्याच्या खुर्चीजवळ जाऊन बसले. "आत्या, तुला लागतं ते अक्षर?"

"लागायला ते अक्षर असावं लागतं," आत्या म्हणाली. "वडिलांचा उजवा हात मोडला होता आणि डोळ्यांनी ते अधू. मला बसवलं लिहायला. मी नऊ वर्षांची. दोन ओळी लिहीपर्यंत ते तिसऱ्या पिढीला पोचले. थांबा म्हणायची छाती नव्हती. बाहेर मैत्रिणी खेळत होत्या. मग मी आपली टाक फिरवत राहिले. चाळीस पानं."

काकांनी वहीकडे बघितलं. "आणि त्यांनी कधी वाचायला नाही सांगितलं?"

"रोज सांगायचे. 'कालचं वाच.' मी वाचायचे."

"काय वाचायचीस?"

"तू वाचतोस तसलंच. ते म्हणायचे, बरोबर." आत्याने वहीवरून हात फिरवला. "सत्त्याहत्तर वर्षं धाकात काढली रे. कुणीतरी वही उघडेल आणि म्हणेल, हिनं काही लिहिलंच नाही. तू लागतंय म्हणालास तेव्हा सुईवरचे टाके सुटले माझ्या. बाकीचं जाऊ दे, पण शेवटच्या पानाचं वाईट वाटतं. त्या दिवशी ते माझ्याविषयी सांगत होते. बराच वेळ सांगत होते. माझं लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवशी हात बरा झाला, आणि ते पान काही त्यांनी वाचायला लावलं नाही."

तिने शेवटचं पान उघडून काकांपुढे धरलं.

"आत्या, मला वाचता येत नाही," काका म्हणाले. चौतीस वर्षांत प्रथमच म्हणाले, आणि छत काही कोसळलं नाही.

"ते माहीत आहे मला. सकाळी दोनशे माणसांना वाचून दाखवलंस, मला एकटीला दाखवायला काय झालं?"

काकांनी पान नाकाजवळ नेलं. "'माझी धाकटी लेक म्हणजे गुणांची खाण...'"

"हे आमचे वडील नव्हेत. नीट वाच."

काकांनी चष्मा पुसला. आत्याकडे जरा वेळ बघितलं आणि पुन्हा पान धरलं. "'धाकटी हट्टी आहे. कामचुकार आहे. लिहायला बसवली की हिचं लक्ष खिडकीबाहेर. मला दिसत नाही असं तिला वाटतं. कालचं वाच म्हटलं की काहीबाही रचून सांगते. पण सांगते छान, म्हणून मी आपलं बरोबर म्हणतो.'"

आत्याने पदराने डोळे पुसले.

"आता लागलं तुला अक्षर," ती म्हणाली. "तेवढं पुन्हा एकदा वाच."

काकांनी पुन्हा वाचलं. या खेपेला एकही शब्द बदलला नाही.