हळकुंडांचा शनिवार

नाटकाला जायचं म्हणून हळकुंडं पोत्यावरून चालवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तात्या.

सांगलीच्या पेठेत आमच्या हळदीच्या अडतीत ते तोलार होते. दुपारी काटा निवांत झाला की रिकाम्या पोत्यावर हळकुंडं मांडायचे. "ह्ये जाडं, दिवाणजी. ह्यो लांबडा, गणपा हमाल. ह्यो मी. आन् ह्यो मोडका, कोकण्या तू!" मग चारी हळकुंडं गणपतीच्या देवळावरून नाटकगृहाकडं निघायची. शनिवारी रात्री मौज कशी करायची, त्याची ही आखणी.

भजी आधी खायची की मध्यंतरात, यातच सोमवार जायचा. "आधी खाल्ली तर तहान लागती. मधी खाल्ली तर गर्दीत चटणी सदऱ्यावर." मंगळवार बसायच्या जागेचा. "पेटीवाल्याच्या मागं नगं. त्याचं डोस्कं लय मोठं हाय."

दिवाणजी मुद्दाम डिवचायचे. "तात्या, पान कुठं खायचं ते राहिलं की!"

"ते गुरवारी! बाकी माझ्यावर सोडा."

शनिवार उजाडला की कुणाची तरी अडचण निघायची. तात्या हळकुंडं गोळा करायचे. "पुढल्या शनवारी." सगळे हसायचे. तात्याही.

मला मात्र हसू यायचं नाही. मी मालवणाकडचा. वडील गेले, चौथीत शाळा सुटली, हॉटेलातल्या कपबश्या विसळत विशी गाठली आणि घाट चढून इकडं आलो. मालकांकडं माझ्यासाठी शब्द टाकला तो तात्यांनीच. अडतीच्या माळ्यावर झोपायला जागा मिळाली तीही त्यांच्यामुळं. म्हणून त्यांच्यापुढं तोंड उघडायचीही धास्ती. चुकून वेडंवाकडं बोललो आणि माणूस दुखावला तर? माझं पेठेत दुसरं होतं कोण? अडत बंद झाली की जो तो आपल्या घरी जायचा आणि मी माळ्यावर. एक तरी शनिवार खरा व्हावा, असं मला फार वाटायचं.

ते लढाईचे दिवस. नाटक कंपनी मुक्काम हलवणार होती. या शनिवारचा खेळ शेवटचा. पुन्हा कधी येतील कोण जाणे.

दुपारी गणपा आला. "तात्या, भाऊ पलटणीतनं रजेवर आलाय. आज न्हाई जमायचं."

"आरं मग हितं काय करतोस गड्या? पळ घरला!" तात्यांनी लांबडं हळकुंड उचललं.

मग दिवाणजी. आष्ट्याहून सासुरवाडीची माणसं आली होती. जाडं हळकुंडही गेलं. जाता जाता ते म्हणाले, "आखणी मात्र झकास झाली हो तात्या!"

पोत्यावर दोन हळकुंडं उरली. तात्यांचा हात माझ्या मोडक्या हळकुंडाकडं सरकला. मी धीर करून बोललो.

"आवं तात्या, आपण दोघं जाऊ की."

हात थांबला. "दोघांची आखणी म्या कवा केलीच न्हाई रं."

"नसू दे. भजी राहिली तरी चालंल."

तात्यांनी दोन्ही हळकुंडं पोत्यावरच राहू दिली. मग उठले आणि हळदीचे हात घासून घासून धुवायला लागले.

संध्याकाळी धुवट सदरा, वर कोट, अशा थाटात तात्या निघाले आणि नाटकगृहाच्या भलत्याच दारात शिरले. दारवान ओरडला, "ओ पाव्हणं, बायकांचं दार हाय ते!" जागा मिळाली ती नेमकी पेटीवाल्याच्या मागं. डोकं खरंच मोठं होतं.

"तात्या, याआधी कधी आला होता आत?"

"न्हाई बा."

"मग याचं डोकं कसं ठाऊक?"

"बाजारात बघितलंय की!"

पडदा उघडला. पहिल्याच विनोदाला सगळं नाटकगृह खदखदून हसलं. तात्यांनी हसत हसत माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी मी हळूच म्हणालो, "तात्या, पुढं बघा की. नाटक तिकडं आहे."

"बघतूय की." थोड्या वेळानं ते माझ्या कानाशी वाकले. "तुझी काकू गेल्यापास्नं कितींदा त्या समोरच्या रस्त्यावर येऊन उभा ऱ्हायलो. आत यावं वाटायचं. पर हसू आलं, तर बघायचं कुनाकडं?"