दोनशे जीबी गायब!

"मला बघितलं की चोर आपणहून हात पुढे करतो," खासगी गुप्तहेर यशवर्धन शितोळे दारातच म्हणाले. "होळकरांच्या दरबारात आमचे खापरपणजोबा हेर होते. इतके गुप्त, की दरबारालाही पत्ता नव्हता."

मागे पिशवी धरून उभ्या परेशने जिना बघायला सुरुवात केली. तो शितोळ्यांचा मेहुणा आणि बहिणीच्या भिडेखातर त्यांचा सहायक.

विजय नगरच्या त्या फ्लॅटमध्ये निशिगंधा रडकुंडीला आली होती. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी तिने फिल्म बनवली होती. संध्याकाळी संगीतात दाखवायची, आणि लॅपटॉप ती सेव्हच करेना. जागा नाही म्हणे!

"कालच लिनक्स काढून टाकलं," ती म्हणाली. "आता नुसतं विंडोज आहे. पण लिनक्सची दोनशे जीबी जागा सी ड्राइव्हला मिळालीच नाही. गेली कुठे?"

"लिनक्सला घरातून काढलंत? भांडण झालं होतं?"

"दाजी, तो माणूस नाही. ऑपरेटिंग सिस्टिम आहे," परेश पुटपुटला.

"कोणी का असेना, जाताना काहीतरी उचललं असणार." शितोळ्यांनी भिंग काढलं. "आणि हा सी. मग ए आणि बी कुठे आहेत? दोघंही फरार!"

निशिगंधाने डिस्क मॅनेजमेंट उघडलं. "त्याचं पार्टिशन मी डिलीट केलं आणि…"

"पार्टिशन! म्हणजे वाटणी! भावकीचा मामला आहे हा!"

मग त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवून त्यावर लॅपटॉप ठेवला आणि स्क्रीनमध्ये डोकं घातलं.

"वजन घटलेलं नाही. म्हणजे माल घरातच आहे."

"आधी किती होतं?" परेशने विचारलं.

"मध्ये बोलू नकोस."

एवढ्यात निशिगंधाच्या सासूबाई काटा परत न्यायला आल्या. "भिया, जरा डोकं बाजूला घ्या ना. अगं निशी, सी च्या बाजूला ही काळी पट्टी कसली? वर दोनशे लिहिलंय."

निशिगंधा बघतच राहिली. 'अनअलोकेटेड.' जागा तिथेच होती, बिनमालकीची. तिने सी वर राइट क्लिक केलं, 'एक्सटेंड व्हॉल्यूम' दाबलं. पट्टी नाहीशी झाली, सी फुगला. फिल्म सेव्ह व्हायला लागली तशी तिने सासूबाईंना मिठीच मारली.

"बघितलंस परेश? माझा नुसता धाक," शितोळे म्हणाले, "आणि जागा शरण आली."

"क्या बात है!" सासूबाई म्हणाल्या. "मग संध्याकाळी याच तुम्ही. हॉलबाहेर पार्किंगला जागा मिळत नाही. तेवढी शोधून द्या."

शितोळ्यांनी तिथल्या तिथे केस स्वीकारली.