थोरल्या पातीचं कार्ड

दुरुस्त होत नाही अशी वस्तू देवासच्या मल्हाररावांना अजून भेटायची होती. कारखान्यात तीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेली, त्यामुळे चांगल्या चालणाऱ्या वस्तूसुद्धा ते दुरुस्त करत.

लेक अवंतीचं लग्न चार दिवसांवर आलं आणि प्रश्न निघाला, आपलं देवक कोणतं? देवक बसल्याशिवाय मांडवात पुढचं पान हलत नाही. स्वतःच्या लग्नात मल्हाररावांचं लक्ष देवकाकडे नव्हतं, आणि वडील अण्णा आता राहिले नव्हते. पण अण्णांनी अठ्ठ्याऐंशी साली हौसेनं घरात कॉम्प्युटर आणून सगळे कुळाचार इंग्रजी अक्षरांत एका फ्लॉपीत टाईप करून ठेवले होते.

"अरे मल्हारी, मी काय म्हणते," मटार सोलता सोलता मालन आत्या बोलल्या. अण्णांची ही धाकटी बहीण, वय वर्षं सत्त्याऐंशी.

"आत्या, तुम्ही आराम करा. मशीन सांगेल."

मशीन सुरू झालं, पण फ्लॉपी वाचणारं कार्ड मेलेलं निघालं. मल्हारराव डगमगले नाहीत. धारच्या मेहुण्यांकडे, कृष्णरावांकडे, त्याच कंपनीचं मोठं मॉडेल होतं. "आपल्या देवासात एकाच घराण्याची दोन राज्यं होती ना, तसंच हे. एक थोरली पाती, एक धाकटी पाती," त्यांनी बायकोला, शशिकलाबाईंना समजावलं. "घराणं एकच ना? मग कार्ड चालणारच."

कृष्णराव घरी नव्हते. मल्हाररावांनी आपल्या हातानं कार्ड उपसलं, टॉवेलात गुंडाळलं आणि बसनं देवासला आणलं.

कार्ड खाचेत जाईना. मध्ये प्लास्टिकचा एक खुंट आडवा येत होता. "बनवणाऱ्याची चूक," असा निकाल देऊन मल्हाररावांनी तो कानशीनं घासून सपाट केला.

"मल्हारी, अरे देवक..."

"झालंच आत्या, दोन मिनिटं!"

दोन मिनिटंही लागली नाहीत. बटण दाबताच कार्डातून धूर निघाला आणि घरभर जळक्या वांग्यासारखा वास सुटला. मल्हाररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चाचरत धारला फोन लावला.

"दाजी, तो खुंट मुद्दाम ठेवलेला असतो," कृष्णराव शांतपणे म्हणाले. "थोरल्यात जिथं पाच व्होल्ट, तिथं धाकट्यात बारा. अहो, देवासात जन्म गेला ना तुमचा? थोरल्या पातीचं धाकट्या पातीत कधी चाललं होतं का?"

कृष्णराव बोलत असतानाच मल्हाररावांनी कानस खिशात सरकवली.

"आणि फ्लॉपी दोन्हीकडे एकच चालते. कार्ड तिकडे नेण्यापेक्षा फ्लॉपी इकडे आणली असती तर? असो. माझ्याकडे दुसरं कार्ड आहे. उद्या या. कानस घरी ठेवा."

दुसऱ्या दिवशी फ्लॉपी धारला गेली, साडीच्या खोक्यात, शशिकलाबाईंच्या मांडीवर. मल्हाररावांना तिला हात लावू दिला नाही. कृष्णरावांचं मशीन घुरघुरलं आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. नवरात्राचे नैवेद्य आले, खंडोबाची तळी आली, आणि शेवटी अण्णांची ओळ आली: "देवक: नीट आठवत नाही. मालनला विचारणे."

खोलीत कोणी कोणाकडे बघेना. मल्हाररावांनी देवासला फोन लावला.

"काय म्हणालं मशीन?" आत्यांनी विचारलं.

"तुम्हाला विचारायला सांगितलंय."

"मग विचार," आत्या म्हणाल्या.