चौथा गडी पाइजो

शनिवारी दुपारी, निघायच्या ऐन वेळी, चौथ्या मित्राचं पोट बिघडलं आणि गालिहचं लग्न धोक्यात आलं.

मुलगी आमच्या करांगजाती गावातली, वेनिंग. रविवारी सकाळी सातला गालिहचे आईवडील सेमारांग शहराहून चिकट भाताच्या वड्यांची ताटं घेऊन मागणी घालायला येणार होते. वेनिंगची हरकत नव्हती, तिच्या आईची तर त्याहून नव्हती. घोडं अडलं होतं ते वडिलांपाशी. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बू. पाक वार्सितो म्हणजे गावातलं वजनदार माणूस. डोंगराच्या पायथ्याची चौकी त्यांच्याकडे, आणि ती त्यांच्या घरातच. वर जाणाऱ्यांची नावं वहीत लिहून घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत कुणी परतलं नाही तर माणसं घेऊन शोधायला निघायचं, हे त्यांचं काम. ज्यानं आमचा डोंगर चढला नाही त्याला आपण मुलगी देणार नाही, हे त्यांनी गालिहला फोनवर सांगून टाकलं होतं.

"आदल्या दिवशी वर जा, आमच्या मूळ पुरुषाच्या दगडावर फुलं वाहा, मग काय ते बोलू," ते म्हणाले. "आणि येताना सम संख्येनं या. विषम आलात तर चौकीवरूनच परत पाठवीन. वर गेल्यावर दमलो, गारठलो, वाट चुकली असलं अभद्र तोंडातून काढायचं नाही. डोंगर ऐकतो आणि तसंच करतो. अंधारात कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. ती माणसाची नसते. काय?"

"हो पाक," गालिह म्हणाला. तो फर्निचरच्या कारखान्यात हिशेबनीस होता आणि आजवरची त्याची सर्वांत मोठी चढाई कचेरीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंतची होती.

चौथा गळला तेव्हा उरले तीन. गालिह, गोलमटोल बाग्यो आणि एंद्रो. एंद्रोला सगळ्यातलं सगळं कळतं, निदान त्याच्या मते तरी. चौकीच्या अलीकडे वळणावर तिघं थांबले. पाऊस भुरभुरत होता.

"संपलं," गालिह म्हणाला. "मी घरी फोन करून ताटं परत न्यायला सांगतो."

"थांब की लेका," बाग्यो म्हणाला. कुणाच्या तरी कुंपणातून त्यानं पुरुषभर उंचीचा एक वाळका बांबू उपसला. "हा घे चौथा. माझे आजोबा असंच करायचे. नाव मात्र ठेवावं लागतं, त्याशिवाय मोजणीत येत नाही. याचं नाव पाइजो."

"आणि हे चालतं?"

"नियम सम संख्येचा आहे," एंद्रोनं निवाडा दिला. "माणसांचा असं कुठं म्हटलंय?"

चौकीत पाक वार्सितो नव्हते, शेजारच्या गावाहून खुर्च्या आणायला गेले होते. त्यांच्या पत्नी बू सार्मी उद्याच्या पाहुण्यांसाठी केळ्याची भजी तळत होत्या. धुरात त्यांना समोरचं धड दिसत नव्हतं. त्यांनी कोपरानंच वही पुढं सारली. एंद्रोनं सुवाच्य अक्षरात चार नावं लिहिली. पाइजोचं वय पंचवीस लावलं.

"चौथा कुठंय रे?"

"बाहेर उभा आहे, बू. लाजाळू आहे."

"बोलवा की आत, भिजेल तो!"

"त्याला सवय आहे," बाग्यो म्हणाला आणि भज्यांच्या चार पुड्या घेऊन बाहेर पडला. चौथी पुडी वाटेत कुणी खाल्ली हे सांगायला नको.

चढण काही अवघड नाही. आमच्या बायका गवताचे भारे घेऊन दोन तासांत वर-खाली करतात. या तिघांना साडेतीन तास लागले, पण पोचले. गालिहनं दगडावर मनोभावे फुलं वाहिली, पाइजोलाही टेकवून नमस्कार करायला लावला, आणि तिघं उतरायला लागले तोच पाऊस कोसळला आणि ढग वाटेवर येऊन बसले.

पहिल्या दहा मिनिटांतच तिघांनाही कळलं की ही ती वाट नव्हे. येताना लागलेला कॉफीचा मळा आता कुठंच नव्हता. पण म्हणणार कोण? वाट चुकली असं उच्चारायचं नाही, अशी सासऱ्यांची ताकीद.

"वाट जरा... नवीन वाटतेय," गालिह म्हणाला.

"ताजी आहे," एंद्रो म्हणाला.

"हवा किती छान आहे," बाग्यो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "आणि माझे पाय इतके ताजेतवाने आहेत की त्यांना बसावंसं वाटतंय."

एकानं जरी तेव्हा सरळ म्हटलं असतं की बाबांनो चुकलो, मागं फिरू, तर कॉफीचा मळा हाकेच्या अंतरावर होता. पण तिघंही अशा प्रकारे एकमेकांचं समाधान करत दोन तास भलत्याच वाटांनी गोल गोल उतरत राहिले. अंधार पडला. फोनला रेंज नव्हती, आणि बाग्योच्या टॉर्चमध्ये पाणी शिरलं होतं. शेवटी गवत कापणाऱ्यांचं एक झापाचं खोपट हाताला लागलं तेव्हा ते आत शिरले आणि ओले कपडे पिळत बसले.

गालिहला रडू येत होतं. सात वाजता आईवडील येणार, आणि नवरा मुलगा कुठं? तर डोंगरात, बांबूबरोबर.

"काहीतरी गरम पाहिजे," थोड्या वेळानं बाग्यो म्हणाला. "थंडी वाजतेय म्हणून नाही. सहज." त्याच्याकडे शेवयांची पाकिटं होती, पत्र्याचं भांडं होतं, काडेपेटीही कोरडी होती. लाकूड मात्र सगळं भिजलेलं. तिघांची नजर हळूहळू एकाच दिशेला वळली. पाइजो कोपऱ्यात उभा होता. वरून ओला, पण आतून ठणठणीत कोरडा.

"नाही," गालिह म्हणाला. "तो आपल्यातला आहे."

"अरे आपल्यातला आहे म्हणूनच," एंद्रो म्हणाला. "परका आपल्यासाठी कशाला जळेल?"

त्यांनी पाइजोला दगडानं फोडला आणि पेटवला. पेरं फुटताना काड् काड् आवाज झाले. शेवया शिजल्या, अंगात ऊब आली, आणि पोट भरल्यावर बाग्यो नेहमीच भावुक होतो तसा झाला. "पाइजो," तो विस्तवाकडे बघत मोठ्यानं म्हणाला, "दुपारपासून आमच्याबरोबर चाललास, एका शब्दानं कुरकुर केली नाहीस. तुझं मांस नाही, हाडं नाहीत, तरी आम्हाला ऊब दिलीस रे!" आणि त्यानं गळा काढला.

"बाग्यो," एंद्रो एकदम म्हणाला, "आता आपण किती राहिलो?"

तीन. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आणि नेमकी त्याच क्षणी खालच्या अंधारातून हाक आली. "गालिऽऽह! एंद्रोऽऽ! बाग्योऽऽ! पाइजोऽऽ!"

तिघांच्या अंगावर काटा आला.

"हा तर पाक वार्सितोंचा आवाज," गालिह उठायला लागला.

एंद्रोनं त्याला खाली ओढलं. "गप! ते नेहमी ओळखीचाच आवाज काढतात. आणि आत्ता जळून गेला त्याला कोण हाक मारतंय? त्याचं नाव आपल्या तिघांशिवाय कुणाला माहीत आहे?"

नाव वहीत त्यानं स्वतःच लिहिलं होतं. पण त्या घटकेला हे आठवणं एंद्रोलाच काय, कुणालाच शक्य नव्हतं. त्यांनी विस्तवावर माती लोटली. हाकाही थांबल्या. काही वेळ नुसता पाऊस. मग खालच्या झाडीतून गुणगुण सुरू झाली, पुष्कळ घशांतून निघालेली, दबलेली. भुतांचा मेळाच जणू. तिघांनी डोळे मिटून येईल ती प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. यांचा आवाज वाढला तशी खालची गुणगुण वाढली, ती वाढली म्हणून यांनी आणखी चढवला. पहाटेपर्यंत हे चाललं. उजाडता उजाडता खालचा आवाज बंद पडला, तसे तिघं उठले आणि मागं न बघता उताराला पळत सुटले. चौकी पंधरा मिनिटांवर होती.

चौकीत अर्धं गाव जमलेलं. बू सार्मींनी गालिहला पाहून हंबरडाच फोडला. "आलात रे! हे काल अंधार पडल्यापासून बारा माणसं घेऊन तुम्हाला शोधताहेत!" मग त्यांनी पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि मोजलं. "चौथा कुठंय?"

बाग्यो एंद्रोच्या मागं सरकला.

"तो लाजाळू? पाइजो?"

"तो... जळला, बू," बाग्यो म्हणाला. शेवया शिजवल्या तेव्हा, हेही तो पुढं म्हणाला.

बू सार्मी मटकन खाली बसल्या. कुणीतरी पोलिसांना फोन लावायला धावलं. वेनिंग दारात पांढरीफटक उभी होती. तिच्याकडे पाहिल्यावर गालिहला खोटं रेटवेना.

"तो बांबू होता," तो म्हणाला. "आम्ही तिघंच होतो. विषम झालो म्हणून तुझ्या बाबांना फसवलं मी. माझी चूक आहे. आईबाबांना मी वाटेतूनच परत जायला सांगतो."

"बांबू?" वेनिंग म्हणाली. "पंचवीस वर्षांचा?" आणि इतकी हसली की तिला चौकटीला धरावं लागलं.

तेवढ्यात पाक वार्सितो आले. गुडघ्यापर्यंत चिखल, मागं बारा माणसं, तीही तशीच. त्यांना सगळा प्रकार सांगण्यात आला. त्यांचा चेहरा लाल झाला, बोट गालिहवर रोखलं गेलं, तोंड उघडलं, आणि बाहेर आली ती नुसती हवा. घसा पार बसला होता.

"गेला आवाज!" म्हातारेकोतारे गहिवरले. "रात्रभर पोरांना हाका मारून गेला बिचाऱ्यांचा आवाज!"

आणि नेमक्या याच वेळी गालिहच्या आईवडिलांची गाडी दाराशी लागली. ताटं उतरली, सगळे ओसरीवर बसले, गालिहच्या वडिलांनी रीतसर मागणी घातली. उत्तर मुलीच्या बापानं द्यायचं असतं. पाक वार्सितो उभे राहिले आणि मिनिटभर हातवारे करत ओठ हलवत राहिले. गालिहकडे बोट, डोंगराकडे बोट, मग दोन्ही हातांनी बांबू मोडल्याची खूण.

"काय म्हणतायत?" गालिहच्या आईनं विचारलं.

"मुलगा पसंत आहे म्हणतायत," बू सार्मी म्हणाल्या. "डोंगराएवढा मजबूत संसार होऊ दे म्हणतायत."

पाक वार्सितोंनी बायकोकडे पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना इतक्या झटपट कुणी हरवलं नव्हतं. पाहुण्यांनी एकमेकांना मिठ्या मारायला घेतल्या, तेव्हा त्यांनी गालिहला दंडाला धरून न्हाणीघराच्या मागं नेलं. आता मार बसणार, असं गालिहनं धरूनच ठेवलं.

"तो रडत कोण होता?" पाक वार्सितो त्याच्या कानात फुसफुसले.

"अं?"

"मांस नाही, हाडं नाहीत म्हणून. कोण रडत होता?"

"बाग्यो. पण तुम्हाला कसं..."

"पाइजोच्या नावानं गळा काढलेला ऐकला. हाडं मोडल्यासारखं काहीतरी काड् काड् वाजत होतं. मग उजेड एकदम विझला. वाटलं, भुतांनी पाइजोला खाल्लं. आम्ही तुमच्यापासून चाळीस पावलांवर होतो. केळींच्या खाली. बाराच्या बाराजण. मी तेरावा."

"मग ती गुणगुण..."

"प्रार्थना म्हणत होतो," पाक वार्सितो म्हणाले. "वरून तुमचा आवाज चढला की आम्हीही चढवायचो. हाका मारून नाही बसला माझा घसा." त्यांनी मान खाली घातली. "वीस वर्षं चौकी सांभाळतोय. गावात हे कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

गालिह काही बोलणार इतक्यात त्याचे वडील ताट घेऊन कोपऱ्यावरून पुढं आले, मागं सगळं गाव. "व्याही! पोरासाठी रात्रभर घसा फोडलात म्हणे! हे खरं आहे का रे?"

पाक वार्सितोंनी गालिहकडे पाहिलं. हिशेबनिसाला इतक्या नजरा एकदम सोसायची सवय नसते, पण तो ताठ उभा राहिला.

"खरं आहे, बाबा," तो म्हणाला. "आम्ही वर होतो ना, सगळं ऐकू येत होतं. पहाटेपर्यंत यांचा आवाज एक क्षण थांबला नाही. त्या आवाजावरच आम्ही रात्र काढली."

गावानं टाळ्या वाजवल्या. पाक वार्सितोंनी ताटातली सगळ्यात मोठी वडी उचलून गालिहच्या तोंडात कोंबली, आणि त्यांचे ओठ पुन्हा हलले.

"काय म्हणतायत?" गालिहच्या आईनं विचारलं.

"असा जावई शोधून सापडणार नाही म्हणतायत," बू सार्मी म्हणाल्या. त्यांनी नेहमीसारखं आपल्या मनातलंच सांगितलं होतं, पण या खेपेला पाक वार्सितोही अगदी तेच म्हणाले होते.