आभार : श्री. डी. जी. पागे

आमच्या ऑफिसातल्या पागेजींनी एकदा मेलेल्या माणसाचे आभार मानले. शोकसभा होती. हेडक्लार्क चौहान अचानक गेले होते, सगळे माना खाली घालून बसलेले, आणि पागेजी माइकपाशी जाऊन म्हणाले, "सर्वप्रथम आभार स्वर्गीय चौहानसाहेबांचे, ज्यांच्यामुळे आज आपण सगळे एकत्र येऊ शकलो." मी रुमाल तोंडात कोंबला. लोकांना वाटलं, बाईला किती दुःख झालंय.

इंदूरच्या सरकारी ऑफिसात कार्यक्रमांना काय तोटा? बदली, बढती, निवृत्ती, स्वच्छतेची शपथ. सूत्रसंचालन माझं, कारण माझा आवाज मोठा. आणि आभार पागेजींचे, कारण आभार ऐकतं कोण? 'अब आभार' म्हटलं की खुर्च्या सरकतात आणि जनता कचोरीच्या टेबलाकडे निघते. असलं काम कोणाच्या तरी गळ्यात मारायचंच, ते अठरा वर्षांपूर्वी मी त्यांच्या गळ्यात मारलं. वर 'आभारेजी' हे नावही मीच ठेवलं. बघता बघता सगळं ऑफिस त्यांना तेच म्हणायला लागलं. पागेजी नुसते हसायचे.

पण काम काय करायचे हो! सकाळपासून जुन्या कॅलेंडरचं पान हातात घेऊन मागच्या कोऱ्या बाजूवर नावं टिपत फिरायचे. सतरंजी कोणी घातली? माइक कोणी लावला? आणि नाव पूर्ण पाहिजे. एकदा पाणी भरणाऱ्या अम्मांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अम्मा ही लिख दो." पागेजी ऐकेनात. "अम्मा तो सब बोलते हैं. नाम बताओ, पूरा." मग माइकवरून 'श्रीमती कलावतीबाई रामप्रसाद यादव' असं खणखणीत ऐकू आलं, तेव्हा अम्मांनी पदर तोंडावर ओढून घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या. मी बघितलं ते. पण माझं अर्धं लक्ष कचोरीकडे होतं.

यादी संपली की पागेजी सगळ्यांना विचारायचे, "कोई छूटा तो नहीं न?" आणि मी टेबलापासून ओरडायची, "कोई नहीं छूटा!" नाहीतर बाबा पुन्हा सुरू व्हायचे.

गेल्या महिन्यात ते रिटायर झाले. आठवडाभर आधी माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळले.

"ताई, माझ्यावर तुम्ही बोलणार न?"

"बोलणार म्हणजे काय! मीच बोलणार."

"दोनच वाक्यं. जास्त नको. आणि ते... आभारे नको." कान लाल झाले होते त्यांचे.

"फिकर नॉट, पागेजी," मी म्हटलं आणि विसरून गेले.

कार्यक्रमपत्रिका मी जुनीच फाइल उघडून, वरची नावं आणि तारीख बदलून छापली. एक प्रत त्यांना दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली, शेवटच्या ओळीपाशी जरा थांबले, "ठीक आहे," म्हणाले आणि कॅलेंडरचं पान शोधायला गेले. शेवटची ओळ होती, 'आभार : श्री. डी. जी. पागे.' ज्याचा निरोप, त्याच्याच गळ्यात आभार! माझ्या मेलीच्या ध्यानातही आलं नाही.

त्या दिवशी साहेब उठले ते पाऊण तास स्वतःबद्दलच बोलले. मग शाल-श्रीफळ झालं. पुढचा नंबर माझा. मी काही लिहून आणलं नव्हतं, वेळेवर सुचेल म्हटलं होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं, गरम कचोऱ्यांचा वास आला, आणि मी जाहीर केलं, "समय के अभाव में अब सीधे आभार."

पागेजी शाल सावरत उठले. खिशातून पान काढलं. खुर्च्या सरकल्या. सांगायला लाज वाटते, पण पहिली प्लेट मीच उचलली. ते गेटवरच्या चौकीदारापासून एकेक नाव घेत आले आणि सगळ्यात शेवटी माझं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, ऐकू आलं.

"अठरा वर्षं ताईंनी मला माइक दिला. मिसेस गेल्यापासून घरी बोलायला कोणी नाही. ताईंमुळे महिन्यातून एकदा तरी आपण सगळ्यांनी माझं ऐकलं."

ऐकलं! आम्ही!

मग त्यांनी विचारलं, "कोई छूटा तो नहीं न?" या वेळी ते सरळ माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडात अर्धी कचोरी. आणि सवयीनं मी ओरडले, "कोई नहीं छूटा!"

"बरं," म्हणाले. पानाची घडी करून खिशात ठेवली आणि माइकची वायर गुंडाळायला लागले.

घास गिळल्यावर मला कळलं, मी काय बोलून बसले. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन त्यांना पत्र लिहायला बसले. 'श्री.' लिहिलं आणि अडले. डी म्हणजे काय? दत्तात्रय? दिगंबर? अठरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस! दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं, तर एकजण म्हणाला, "आभारेजी का नाम? आभारे ही होगा न मॅडम." कोणाला हसणार? हे नाव ठेवणारी मीच.

रविवारी राजेंद्र नगरला त्यांच्या घरी गेले. दारावरची पाटी दोनदा वाचली आणि बेल दाबली. पागेजी शर्टाची बटणं लावत आले. मला बघून त्यांचा चेहराच उतरला.

"काय झालं ताई? कोई छूट गया क्या?"

"हो, पागेजी. एक नाव राहिलं."

"अरे राम! मला वाटतच होतं." लगबगीनं आत गेले, पेन आणि कॅलेंडरचं पान घेऊन आले. "कोण? पूर्ण नाव सांगा."

"दिनकर गणेश पागे."

त्यांनी 'दिनकर' लिहिलं. मग पेन थांबलं.

मी ती दोन वाक्यं बोलायला तोंड उघडलं, तर माझा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"बसा. चहा टाकतो," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता आत गेले. मी ते पान ओढलं, 'दिनकर'पुढे 'गणेश पागे' लिहिलं आणि त्याखाली ती दोन वाक्यं लिहायला घेतली.