टेलरमास्तर कवच घेतात

येत्या रविवारी बायकोच्या तोंडून साडूचं नाही, आपलंच कौतुक निघणार, हे टेलरमास्तरांनी मंगळवारीच ठरवून टाकलं होतं.

दर रविवारी दुपारी चौघं जण साडूच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती लॅपटॉप उघडून बसत आणि ऑनलाइन खेळातल्या राक्षसाशी लढत. मास्तरांची बायको ढाल घेऊन पुढे. मेहुणी बाण मारायची. तिचा नवरा, म्हणजे साडू, पेशाने दाताचा डॉक्टर, तलवार चालवायचा. मास्तर खेळात सर्वांत शेवटी आले, म्हणून उरलेलं काम त्यांच्या गळ्यात पडलं: मागे उभं राहून जखमींना मंत्राने बरं करायचं. लढाई संपली की कुणी किती मार दिला याची यादी पडद्यावर यायची. मास्तर तळाला. मग बायको म्हणायची, "भावोजींचा हात म्हणजे काय हात आहे." ज्या हाताने लोकांच्या दाढा उपटल्या जातात त्याचं एवढं कौतुक कशाला, हे मास्तरांना कळत नसे. ते नुसते जळफळत.

उपाय एकच होता, नवं कवच. खेळाच्या बाजारात वैद्यांसाठी तीन कवचं होती आणि मास्तरांनी ती कापड पारखावं तशी पारखली. पहिल्यात मंत्र लवकर पडायचे, पण रंग दवाखान्यातल्या पडद्याचा. दुसऱ्यात शक्ती बेताने खर्च व्हायची, पण पाठीची शिवण सरळ नव्हती. तिसरं सगळ्यांत महाग. सोनेरी, उंच कॉलर, आणि खांदे असे की बघत राहावं. त्यावर ठळक लिहिलं होतं, 'मंत्राचं बळ दुप्पट'. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, पण एवढे खांदे समोर असताना बारीक अक्षरं कोण वाचत बसतो?

त्या खांद्यांच्या नादात मास्तरांनी एका वकीलसाहेबांच्या कोटात इतकं पॅडिंग भरलं की ट्रायल रूमच्या दारातून साहेबांना आडवं होऊन बाहेर यावं लागलं.

"हे काय शिवलंय?"

"रुबाब, साहेब," मास्तर म्हणाले.

कोट उसवण्यात दोन दिवस गेले. तरी खेळात चार महिने जमवलेली सगळी नाणी ओतून त्यांनी ते तिसरं कवच घेतलंच.

रविवारी मास्तर झळाळत मैदानात उतरले. बायकोचं लक्ष जावं म्हणून दोनदा तिच्यासमोरून चालून दाखवलं.

"मधे येऊ नका, राक्षस दिसत नाहीये," ती म्हणाली.

लढाई जुंपली आणि भलतंच घडू लागलं. मास्तरांनी बायकोवर मंत्र टाकला की साडूची तलवार पेटायची. मेहुणीवर टाकला की ती तलवार आणखी लांब व्हायची.

"आज भावोजींच्या अंगात आलंय," बायको म्हणाली.

मास्तरांनी दातओठ खाल्ले आणि साडूला बरं करणंच बंद केलं. सगळे मंत्र दोघी बहिणींवर. झालं, साडूने एका घावात राक्षस आडवा केला.

मेहुणीला शंका आली. तिने मास्तरांच्या कवचावर क्लिक केलं आणि तळाची बारीक ओळ मोठ्याने वाचली, "वाढीव बळ सर्वाधिक मार देणाऱ्या सोबत्यास मिळेल."

साडूचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी? भाऊ, सख्ख्या भावाने केलं नसतं हो एवढं."

बायकोचे डोळे मात्र कोरडे होते. "चार महिने जमवलेलं सगळं भावोजींना? दर रविवारी पुढे उभी राहून मार मी खाते. माझ्या हातातली फुटकी ढाल दिसली नाही का तुम्हाला?"

संसार वाचवायचा तर खरं बोलणं भाग होतं.

"अगं, यांच्यासाठी कसलं? मी जळतो यांच्यावर. पहिल्या रविवारपासून जळतोय. तू यांचं नाव घेतलंस की मला घास गिळवत नाही."

साडूने उठून त्यांना मिठी मारली. "बघा, उपकार केले तेही कबूल करायचे नाहीत. किती हा मोठेपणा."

"जळणारा माणूस असलं कवच घेतो होय?" बायको लॅपटॉप मिटत म्हणाली. "थाप मारायची तर जरा पटेल अशी मारा."